गांधीलमाश्यांच्या पुढे

"आर्ली, लहानपणी तुला गांधीलमाश्या चावल्या होत्या, ती जागा नक्की कुठली गं?"

धाकट्या भावाने, लायलने, हे विचारलं तेव्हा आर्लिस कड्यावरच्या कठड्याशी उभी राहून बोटीतून आलेल्या पाहुण्यांना पेलिकन दाखवत होती. मे महिन्यातला शनिवार. खाली मिसिसिपी पसरलेली, धरणाच्या दारांपाशी पाणी पांढरंशुभ्र उसळत होतं आणि त्यावर पेलिकन गिरक्या घेत होते. बँकेतली नोकरी संपल्यापासून दर शनिवारी ती हे काम फुकट करायची. धक्क्यावर सहलीची बोट लागली की तिथली माणसं घेऊन कडा चढायचा, पलीकडचा विस्कॉन्सिनचा किनारा दाखवायचा, गरुडाचं घरटं दाखवायचं आणि त्यांना परत खाली सोडायचं. लायल आज काठी टेकत गाडीरस्त्याने वर आला होता आणि बाकावर बसून होता. त्याचा प्रश्न तिच्या पाठीवर आला. हातातली दुर्बीण तिने एका मिझुरीकर बाईकडे दिली आणि वळून विचारलं, "का रे? आज कुठून आठवलं?" तो म्हणाला, "सहज." त्यांच्या ब्रुग्गमन घराण्यात आजवर कुणी काही सहज विचारलं नव्हतं. आर्लिसच्या मानेला, जिथे साठ वर्षांपूर्वी ते डंख उठले होते तिथे, खरोखर चुणचुण सुटली. कारण ही गोष्ट लायलला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. तेव्हा तो जन्मला नव्हता. आणि आईला त्या दिवशी खाजकुइली लागली म्हणून सांगितलं होतं. गांधीलमाश्यांचं फक्त दोघांना माहीत होतं. एक आर्लिस, दुसरे पा, म्हणजे त्यांचे वडील.

"मॅडम, इथे ती मोरेल मिळतात म्हणे?" एका टोपीवाल्याने विचारलं. दर शनिवारी कुणीतरी विचारतंच. आर्लिसने गावातलं प्रत्येक माणूस देतं तेच उत्तर दिलं, "मिळतात ना. इथेच कुठेतरी, टेकडीवर." टोपीवाल्याने मान डोलावली आणि त्याची बायको हसली. तिला कळलं होतं. मोरेल ही मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार अळंबी. ती पेरता येत नाही, लावता येत नाही, ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की जिथे यायची तिथेच येते, आणि ती जागा ज्याची त्याने पोटात ठेवायची असते. या गावात माणूस आपला पगार सांगेल, ऑपरेशनचे टाके उघडून दाखवेल, पण मोरेलची जागा सांगणार नाही. बायको नवऱ्याला सांगत नाही. गाडी एका टेकडीखाली उभी करायची आणि चालत जायचं दुसऱ्याच टेकडीवर, ही इथली रीत. पाद्रीसुद्धा तसंच करतात आणि त्याचा कबुलीजबाब देत नाहीत. ज्याची जागा मोठी, तो मरताना ती कुणाला देतो याकडे सगळ्या गावाचे डोळे असतात. एर्विन ब्रुग्गमन, म्हणजे पा, यांची जागा सगळ्यात मोठी होती. दर वर्षी ते दोन बादल्या भरून आणत आणि चेहरा असा ठेवत की जणू दूध आणायला गेले होते.

आर्लिस पाहुण्यांना उतारावरून खाली नेत होती, तोंडाने रानफुलांची नावं घेत होती, पण डोक्यात पांची ती शेवटची थंडी होती. पांची दृष्टी गेली होती, दुखण्यावरच्या औषधाने जीभ जड झाली होती. आर्लिसने बँकेतून रजा काढली. तिने त्यांना कुशीवर वळवलं, त्यांची दाढी केली, चमच्याने सूप भरवलं, रात्री दर हाकेला उठली. लायल रविवारी यायचा. येताना बिअर आणायचा, पांच्या पलंगाशेजारी बसून मॅच बघायचा आणि जाताना तिच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, "तू आहेस म्हणून गं, आर्ली." ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या एका शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळायची पाळी तिची होती. नाव देऊन ठेवलं होतं, न जाऊन कसं चालेल? लायलला बसवून ती गेली. केसांना तेलाचा वास घेऊन परत आली तेव्हा सगळं संपलं होतं आणि लायल ओट्याशी उभा राहून पाणी पीत होता. पहिलं वाक्य म्हणाला, "गेले." दुसरं म्हणाला, "जाताना मला जागा सांगितली."

तिच्या तळपायाची आग तेव्हाच मस्तकात गेली होती, ती अजून खाली उतरलेली नव्हती. पुरल्यानंतरच्या जेवणात, त्याच तळघरात, हॅमचे पाव आणि बटाट्याचं सॅलड खाता खाता अख्ख्या गावाने लायलच्या पाठीवर थापा मारल्या. "काय मग, वारसदार!" म्हातारे ओरडत होते. "यंदा बादल्या मोठ्या घे रे!" आर्लिस कॉफी ओतत होती. एक म्हातारा तिलाही म्हणाला, "तू फार केलंस हो वडिलांचं." ती म्हणाली, "केलंच पाहिजे ना." इथे असंच म्हणतात. तिच्या हातातली किटली त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर उलटी करावी असं तिला वाटलं होतं आणि तिने त्याचा कप काठोकाठ भरला होता. अळंबीचं काय एवढं, असं बाहेरच्याला वाटेल. ती बाजारात मिळते. पण पांना त्या शेवटच्या घटकेला जे कुणाला तरी द्यायचं होतं, ते त्यांनी रविवारच्या मुलाला दिलं, आणि जिने त्यांचं गू-मूत काढलं तिला काही नाही. हे तिने एवढी वर्षं रोज सकाळी कॉफीबरोबर गिळलं होतं.

आणि वर दर मे महिन्यात लायल दारात उभा. हातात पावाची जुनी पिशवी, त्यात मोरेल. "तुझा वाटा." ती म्हणायची, "अरे कशाला!" तो म्हणायचा, "असू दे गं." मग पायरीवर उभ्या उभ्या हवापाणी, त्याच्या गाडीचे ब्रेक, शेजाऱ्याचं कुत्रं, निघतो निघतो म्हणत अर्धा तास. तो गेला की ती अळंबी मिठाच्या पाण्यात टाकायची आणि बघत बसायची. फेकून द्यावी असं दर वर्षी वाटायचं. दर वर्षी ती लोण्यात परतून खायची आणि चव लागायची, त्याचाच तिला जास्त राग यायचा. या शनिवारच्या सहली तिने का अंगावर घेतल्या हे कुणी विचारलं तर ती म्हणायची, मोकळ्या हवेत बरं वाटतं. खरं कारण वेगळं होतं. लायलची जागा एक ना एक दिवस तिला कळणार होती, तो एखाद्या वर्षी बिअरच्या नशेत बोलणार होता किंवा त्याची गाडी तिला दिसणार होती, आणि मग पुढच्याच शनिवारी बोटीतली सगळी माणसं घेऊन ती तिथे जाणार होती. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. "घ्या," ती म्हणणार होती, "हवी तेवढी घ्या, फोटो काढा, इंटरनेटवर टाका." हे चित्र ती झोपताना डोळ्यापुढे आणायची. त्यातला मिझुरीकर बायकांचा कलकलाट, तुडवलेला पाला, आणि लायलचा चेहरा. त्या चेहऱ्यावर ती फार वेळ थांबायची. मग तिला छान झोप लागायची.

पाहुणे बोटीत चढले. ती परत वर आली तेव्हा लायल तिच्या गाडीत आधीच जाऊन बसला होता.

"जरा फिरवून आण," तो म्हणाला. "खुब्याच्या ऑपरेशननंतर कुठे गेलोच नाही. पुढल्या महिन्यात पोरगी ॲरिझोनाला घेऊन चाललीय. तिथे नुसती वाळू आणि म्हातारे."

"कुठे जायचंय?"

"चुन्याच्या जुन्या भट्टीकडे."

भट्टीकडे. आर्लिसने गाडी सुरू केली आणि दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं. म्हणजे जागा तिकडे. तो दाखवायला निघाला होता. जायच्या आधी बहिणीला द्यावी असं त्याच्या मनात आलं असेल का, असा विचार एका वळणापुरता तिच्या मनात आला, आणि त्याच वळणावर पुढचा शनिवारही आला, पिशव्या आणि कलकलाट घेऊन. सूड घ्यायचा तर माणूस समोर असताना घ्यावा. ॲरिझोनाला गेल्यावर काय उपयोग. ती मनातल्या मनात दिवस जुळवत होती. रस्ता नदीला धरून चालला होता. लायल खिडकीतून बाहेर बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"भट्टीमागे झरा आहे ना, अजून वाहतो का गं?" त्याने विचारलं.

"वाहत असेल. तुला माहीत. दर वर्षी तूच जातोस."

त्याने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "झऱ्यापासून वर. गांधीलमाश्या उठल्या तिथपर्यंत. तिथे बेटाकडे तोंड करायचं आणि खाली उतरायचं. वर नाही जायचं. सगळे वर जातात." हे तो शाळेतल्या पोराने पाढे म्हणावे तसं म्हणाला. "असं सांगितलं पांनी. गांधीलमाश्या उठल्या तिथपर्यंत. आता ते कुठे म्हणायचं? तुला आठवत असेल तर म्हटलं एकदा, जायच्या आधी, बघून घेऊ."

आर्लिसने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तिला काही दिसेनासं झालं होतं. ती सहा वर्षांची होती. पांनी तिला पहिल्यांदाच बरोबर नेलं होतं, आईला न सांगता. झऱ्यापासून वर चढताना तिने एका पोकळ ओंडक्यावर पाय दिला आणि माश्या उठल्या. पांनी तिला काखोटीला मारून झऱ्याशी आणलं, मानेवर चिखल थापला आणि म्हणाले, "आईला खाजकुइली म्हणून सांगायचं हं. माश्यांचं सांगितलंस तर ती कुठे म्हणून विचारेल." ती रडता रडता हो म्हणाली होती. पुढे तिची मान सुजली, ताप भरला, आणि पांनी तिला परत कधी नेलं नाही. बस, एवढंच. म्हणजे शेवटच्या दिवशी, दिसत नव्हतं तेव्हा, पलंगाशेजारी कुणीतरी बसलेलं होतं, त्याचा हात धरून पांनी गोष्ट सुरू केली ती जिथून परत फिरावं लागलं होतं तिथूनच. रस्ता सांगताना त्यांनी अशी खूण दिली होती जी जगात एकाच माणसाला कळणार होती. ते आर्लिसशी बोलत होते. थंडीभर रात्रीअपरात्री हाकेला तीच उठली होती, तेव्हा हात तिचाच असणार, असं ते धरून चालले होते.

"हे कुणाला सांगितलं पांनी?" तिने विचारलं.

"म्हणजे? मला."

"तुझं नाव घेऊन?"

"खोलीत दुसरं होतं कोण?" लायल खिडकीकडे तोंड करून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसेच.

आणि मग तिला मिठाच्या पाण्यातली वाळू दिसली. दर वर्षी भांड्याच्या तळाशी बारीक, पिवळी वाळू बसायची. ती ओतून द्यायची आणि पुढे बघायची. टेकडीवरच्या अळंबीला वाळू कुठून येणार? ती खालच्या बेटांवरची, पुराच्या मातीतली. तिकडचे मासेमार हमरस्त्यावर टपरी टाकून विकतात. लायलला जागा कधी सापडलीच नव्हती. त्याने ती तिच्या तोंडातून काढून घेतली, पण खाता आली नाही. वारसदार म्हणून मिरवता यावं एवढ्यासाठी तो दर वर्षी टपरीवर थांबला, पावाच्या पिशवीत ओतून तिच्या दारात आणून उभा राहिला, आणि बाकीचा मे महिना टेकड्यांवर गांधीलमाश्या शोधत फिरला. एवढा बाप्या माणूस, ओंडके ठोकत. आर्लिसला हसू फुटलं. ते खोकल्यासारखं बाहेर आलं आणि थांबेना. "काय झालं?" लायलने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "माश्या आठवल्या."

भट्टीचे दगड झुडपांत बुडाले होते. ती उतरली तसा लायलही दार उघडून पाय बाहेर काढायला लागला, पण चढण बघून तिथेच बसला. "तू बघून ये," तो म्हणाला. "सापडलं तर हाक मार. मी बसत उठत येईन." त्याने आपल्या कोटाच्या खिशातून नवी कोरी जाळीची पिशवी काढली आणि तिच्या हातात दिली. अळंबी तोडताना बी जमिनीवर परत पडावं म्हणून नेतात तसली. त्याने ती खास आणली होती. तिला क्षणभर त्याची कीव आली आणि स्वतःचाच संताप आला. एवढी वर्षं तिने पांना मनात शिव्या घातल्या होत्या. त्यांच्या थडग्यावर फुलं ठेवताना तिने दात खाल्ले होते. म्हातारा आपल्याला विसरला, असं समजून ती त्यांच्यावर रुसून राहिली होती, आणि तो तर तिचाच हात शोधत गेला. अळंबी गेली खड्ड्यात. लायलने तिचा बाप चोरला होता, आणि चोरून टपरीवरच्या वाळूत लोळवला होता. त्याला कुठलीही शिक्षा पुरली नसती.

झऱ्यापासून वर ती थांबत थांबत चढली. ओंडका कधीच मातीला मिळाला होता, पण तो जिच्यावर टेकलेला होता ती फुटकी शिळा तशीच होती, कुणीतरी पाव मोडावा तशी मधोमध दुभंगलेली. तिने मानेला हात लावला. मग बेटाकडे तोंड केलं आणि खाली उतरली, सगळे वर जातात तिथून. करवंदासारखी काटेरी जाळी ओलांडली आणि समोर एक खळगी. कुण्या जुन्या माणसाने लावलेली, मग सोडून दिलेली सफरचंदाची झाडं, वाकडी, अर्धी वाळलेली, पण उरलेल्या फांद्यांवर फुलं. आणि खाली, पाल्यातून, गवतातून, मुळांच्या बेचक्यांतून मोरेल. आधी एक दिसली. डोळा बसला तशा सगळीकडे दिसायला लागल्या, पाऊल ठेवायला जागा नाही इतक्या. पा गेल्यानंतर इथे कुणी आलं नव्हतं. दर वर्षी त्या आपापल्या उगवल्या होत्या आणि आपापल्या सुकल्या होत्या. ती एका झाडाखाली बसली आणि मोठ्याने म्हणाली, "आले हो, पा." मग ती रडली, चांगली पोटभर, नाक पुसायला जाळीची पिशवी घेऊन.

"आर्लीऽ!" खालून हाक आली. "आहे का काही?"

तिने पिशवी खिशात कोंबली. बोटीतली माणसं इथे आणायची या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. ते आता होणं नव्हतं. तिच्या हाताशी त्याहून सोपं काहीतरी होतं. खाली जायचं, रिकामे हात दाखवायचे आणि म्हणायचं, काही नाही रे तिथे. तो ॲरिझोनाला जाईल, वाळूत बसेल आणि मरेपर्यंत विचार करत राहील. बिनआवाजाचं, गोड आवाजात, अगदी या गावाच्या रीतीचं. तिने बुटांचा चिखल गवताला पुसला, एकही अळंबी न तोडता ती वर आली, शिळेला वळसा घालून खाली उतरली. लायल गाडीच्या दाराला धरून कसाबसा उभा होता.

"मिळाली?"

"नाही रे. नुसती काटेरी झुडपं."

"नीट बघितलंस?"

"बघितलं की."

त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती वाट बघत होती, त्याचा चेहरा पडायची, जो ती इतकी वर्षं झोपताना बघत आली होती तो चेहरा. पण लायलचे खांदे सैल झाले. तो सीटवर टेकला आणि त्याने जे सोडलं तो सुस्कारा नव्हता, त्यात हसू होतं.

"म्हणजे बरळत होते गं पा," तो म्हणाला. "नर्स म्हणालीच होती, औषधाने डोकं फिरतं म्हणून. आणि मी मूर्ख, एवढी वर्षं मनाला लावून घेतलं. झोप उडायची माझी, सांगतो तुला. काय ते माश्या नि बेट! काहीच्या बाहीच बोलत होते म्हातारबुवा." त्याने गुडघ्यावर थाप मारली. "जाऊ दे. सुटलो बघ. चल, जाताना आइस्क्रीम खाऊ."

आर्लिस गाडीत बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. तिला फक्त हो म्हणायचं होतं. हो, शुद्ध कुठे होती त्यांना. एवढं म्हटलं की सूड पुरा. आणि ते म्हटलं की पांनी शेवटच्या श्वासाला जे तिच्यासाठी जपून बाहेर काढलं ते वेड्याची बडबड ठरणार होतं, तेही तिच्याच तोंडून, आणि हा शेजारी बसलेला चोर हलका होऊन आइस्क्रीम चाटणार होता. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने आवाज गोड केला नाही.

"पा पूर्ण शुद्धीत होते," ती म्हणाली. "शब्द न् शब्द बरोबर आहे. आत्ता मी तिथे जाऊन आले. भरून आहे, लायल. पाय ठेवायला जागा नाही. पांनी माझा हात समजून तुझा धरला, आणि तू गप्प बसलास."

काठी त्याच्या गुडघ्यांमधून घसरून खाली पडली.

"त्यांनी आर्ली म्हणून हाक मारली होती ना?"

त्याने मान डोलावली.

"आणि तू काय म्हणालास?"

"हं म्हणालो," लायल म्हणाला. त्याचा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा झाला होता. "आर्ली, एकदा दाखव. तोडणार नाही. नुसतं बघतो. बसत उठत येतो मी."

"नाही."

"परत येणं होणार नाही गं माझं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "बेल्ट लाव."

त्याने पट्टा ओढला, पण कडी काही बसेना. तिने वाकून ती बसवून दिली, पट्ट्याखाली मुडपलेला त्याचा कोट सरळ केला, आणि किल्ली फिरवली.